गॅस बंद केला होता ना? ओसीडीतला संशय आणि आठवणींवरचा अविश्वास

फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांच्या १८३८ सालच्या ग्रंथात एका व्यापाऱ्याच्या मुलीची हकीकत आहे. अठराव्या वर्षी नातेवाइकांच्या घरून निघताना तिच्या मनात आलं, आपल्या एप्रनच्या खिशातून त्यांची एखादी वस्तू नकळत तर आली नाही ना? पुढे ती एप्रन न घालताच त्यांच्याकडे जाऊ लागली. नंतर हिशेब लिहिताना तीच धास्ती: आकडा चुकला असेल, गिऱ्हाइकाचं नुकसान झालं असेल. ही भीती निरर्थक आहे हे तिला कळत होतं, तरी ती जात नव्हती.

ओसीडी म्हणजे नको असलेले विचार पुनःपुन्हा मनात येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहणं. आज लोक ज्याला ‘फॉल्स मेमरी ओसीडी’, म्हणजे खोट्या आठवणीचा ओसीडी म्हणतात, त्याचा नमुना इथे दिसतो. गाडीखाली कुणी आलं का? त्या रात्री आपण काही भलतंच वागलो का? निदानाच्या यादीत हा वेगळा आजार नाही. निदान ओसीडीचंच होतं, फक्त संशयाचा रोख भूतकाळाकडे असतो.

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी संशयालाच या विकाराचं केंद्र मानलं होतं. लग्रां द्यु सोल यांनी १८७५ साली ‘संशयाचं वेड’ या नावानेच पुस्तक लिहिलं. पुढे मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या कृती, हात धुणं, कुलूप ओढून पाहणं, यांच्याकडेच जास्त लक्ष गेलं. उपचारांच्या दृष्टीने ते फायद्याचंही ठरलं. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये दोन रुग्णांना भीतीच्या प्रसंगाला सामोरं नेऊन नेहमीची कृती मात्र करू दिली नाही, आणि त्यांना आराम पडला. आजची एक्स्पोजर-रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ईआरपी, इथून निघाली.

पण पुनःपुन्हा तपासणाऱ्याची आठवणच कच्ची असते का? १९८३ साली शेर, फ्रॉस्ट आणि ऑटो यांनी तपासणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत उणीव असावी असं सुचवलं. कल्पना पटण्यासारखी होती: आठवत नाही, म्हणून माणूस परत जाऊन पाहतो. पुढच्या अभ्यासांत मात्र हे चित्र एकसारखं येईना.

२००३ साली नेदरलंड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी प्रश्नच उलटा केला. त्यांनी ओसीडी नसलेल्या लोकांना संगणकाच्या पडद्यावरच्या गॅस शेगडीची ठरावीक बटणं चालू-बंद करून तपासायला लावली. मग एका गटाने शेगडीच वीस वेळा तपासली, दुसऱ्याने तेवढ्याच वेळा दिवे. शेवटी सगळ्यांनी पुन्हा शेगडी तपासली आणि त्यांना विचारलं, आत्ता कोणती बटणं पाहिलीत? उत्तरं दोन्ही गटांची साधारण सारखीच बरोबर होती. पण शेगडीवाल्यांची आठवण धूसर झाली होती, बारकावे गळाले होते आणि तिच्यावरचा भरवसा घसरला होता. २००६ साली कॅनडात रॅडोम्स्की आणि सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातली खरी शेगडी वापरली. तिथेही भरवसा ढळलेलाच दिसला. निरोगी माणसालाही अर्ध्या तासात स्वतःवर शंका घ्यायला लावता येते, आणि त्यासाठी तपासण्याशिवाय दुसरं काही लागत नाही, हे आमच्या मते या विषयातलं सगळ्यात उपयोगी निरीक्षण आहे.

तीच कृती वारंवार केली की लक्ष बटणांवरून उडतं आणि हाताला सवय लागते. मागच्या फेऱ्या एकमेकींत मिसळतात, ‘आत्ताची’ फेरी वेगळी ओळखू येत नाही. मनातल्या मनात प्रसंग घोळवताना आणखी एक गोष्ट घडते. १९९६ साली गॅरी, लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की न घडलेला प्रसंग नुसता कल्पिला तरी तो घडला असावा असं वाटण्याची शक्यता वाढते. गाडीखाली आलेला माणूस दहादा डोळ्यांसमोर आणला की दहाव्या वेळी त्याच्या शर्टाचा रंगही दिसू लागतो. एवढा बारकावा आहे म्हणजे घडलंच असणार, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो.

म्हणून थेरपीत आठवण खरी की खोटी, याचा निवाडा करायचा नसतो. घरी लागू पडतं ते असं: गॅस एकदाच, नीट बघून बंद करायचा, नंतर परत जायचं नाही, मोबाइलवर फोटो काढायचा नाही. शंका आली की ‘ही शंका आहे, घडलं असेल, नसेलही’ इतकंच म्हणून हातातलं काम पुढे न्यायचं. घालमेल वाढेल, ती असू द्यायची. लगेच थांबणं जमत नसेल तर तपासणं आधी दहा मिनिटं लांबवायचं, मग वीस.

इथे फसगत ठरलेल्या जागी होते. माणूस रस्त्यावर परत जात नाही, पण रात्री अंथरुणात सगळा प्रवास डोक्यात पुन्हा चालवतो. तो उजळणीचा फेराही तपासणंच असतं, आणि बाहेरून दिसत नसल्याने थेरपिस्टच्याही नजरेतून सुटतो. अपघाताच्या बातम्या चाळणं, बायकोला ‘मी तसं काही केलं नाही ना?’ विचारणं, ‘असेल, नसेल’ हे वाक्य शंभरदा जपासारखं म्हणणं, ही त्याचीच रूपं. घरचे मायेपोटी ‘नाही रे, काही झालं नाही’ म्हणतात. तो दिलासा थोडा वेळ टिकतो, मग प्रश्न नव्या तपशिलासह परत येतो. थेरपिस्टसमोर आधीच ठरवून ‘याचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते’ असं म्हणणं बरं; एका दिवसात अचानक तोंड मिटून घेतलं तर भांडणं होतात.

औषधांत एसएसआरआय गटाची, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी आणि नैराश्यातही वापरली जाणारी औषधं पहिली दिली जातात. ओसीडीत त्यांचा डोस बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम जोखायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यातच ‘गुण नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. डोस वाढवणं किंवा बंद करणं मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचं. कुणाकडे जावं हे कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विचारता येतं.