हेक्साचे दात का झडतात?

मिरीग जवळ आला की यवतमाळकडच्या खेड्यांत लोखंड कापायची घाई सुटते. लोखंडी वखर, जीआय पाइप, कुंपणाचे अँगल. सगळ्याला एकच हेक्सा, म्हणजे लोखंड कापायची करवत, अन् त्यात जे असेल ते पातं. पातळ पाइपवर चार हात मारले की कडकड होऊन दातांची ओळ झडते. शिव्या ब्लेडच्या कंपनीला बसतात, पण चूक बहुतेक वेळा हिशेबात असते.

पात्यावर १८, २४ किंवा ३२ असा आकडा असतो. एका इंचात तेवढे दात. कापताना धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात टेकलेले हवेत. २४च्या पात्यात दोन दातांतलं अंतर जेमतेम १ मिलिमीटर. पाइपची भिंत २ मिलिमीटरची असेल तर तिच्यावर दोनच दात येतात. भिंतीची कड खाचेत अडकते, आपण जोर लावतो, दात मुळातून तुटतो. म्हणून पातळ पाइपला ३२, अँगलला २४, भरीव सळईला १८. भरीव लोखंडावर बारीक दात नकोत: निघालेला कीस खाचेत मावत नाही, दात त्यावरच घसरतात.

३२चं मिळालं नाही तर? भिंत फुटेपर्यंतच कापा, पाइप पुढच्या बाजूला थोडा फिरवा, पुन्हा कापा. आरपार जाऊ नका. अँगलही धारेवर उभा धरू नका, रुंद बाजू वर ठेवा.

दात पुढच्या दिशेला हवेत. जोर जाताना, येताना हात हलका. पातं ताणलेलं हवं, नाहीतर काप वाकडा जातो. दात आलटूनपालटून बाहेर वळवलेले असतात, त्यामुळे काप पात्याच्या पाठीपेक्षा रुंद पडतो. झिजलेल्या पात्याचा काप अरुंद असतो. त्यात नवं पातं घातलं की ते आवळतं. उलट्या बाजूने नवा काप धरलेला बरा.

मिनिटाला ४० ते ५० हात पुरे. साध्या कार्बन पोलादाचे दात २०० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतात. हायस्पीड स्टीलचे ६०० अंशांच्या आसपासही टिकतात. चार पैसे जास्त गेले तरी मी तेच घेईन.

ट्रॉलीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) कडक पोलादी पाट्यावर मात्र कोणताही हेक्सा घसरतो. लोहार तो लालबुंद करून राखेत पुरतो. सावकाश थंड झाला की मऊ पडतो, मग कापला जातो. त्याची वखराची पास, म्हणजे माती कापणारं पातं, घडली की ती पुन्हा तापवून विझवायची, अन् पोलाद परत कडक होतं.