उमेदीआधीची कृती

कोकणात नैराश्याचा रुग्ण मनाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे क्वचितच येतो. ‘जेवण जात नाही’, ‘झोप लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ असे तो सांगतो, आणि तोवर घरच्यांनी देवळात कौलही लावून पाहिलेला असतो. मन सतत उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती व एकाग्रता बिघडणे असे सलग दोन आठवडे जवळजवळ रोज घडत असेल, तर तो आळस नसून आजार असू शकतो आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी.

‘बरे वाटले की उठेन’ हे रुग्णाचे म्हणणे अगदी प्रामाणिक असते. मात्र अंथरुणाला खिळल्यामुळे कामे सुटतात, माणसे तुटतात, समाधानाच्या जागा आटतात आणि मन आणखी खचते. वर्तन-सक्रियीकरण ही उपचारपद्धती हेच चक्र तोडते. त्यात उमेद येण्याची वाट न पाहता, रुग्णाला पूर्वी मोलाची वाटणारी एखादी छोटी कृती ठरल्या वेळी करायची असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत ज्याचा दिनक्रमच थांबतो, त्या खलाशाने सकाळी अर्धा तास शेजाऱ्याजवळ बसून जाळे सांधणे, एवढेही सुरुवातीला पुरे.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी ही पद्धत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर तपासली. ती राबवणारे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती, आणि सत्रे सहा ते आठच होती. २०१७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ डॉक्टरांचे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. जिथे मानसोपचारतज्ज्ञ तालुक्यालाही मिळत नाही, तिथे हा मला फार मोठा दिलासा वाटतो.

औषधांची गरज यामुळे संपत नाही. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यानंतरही ती साधारण सहा महिने किंवा अधिक काळ घ्यावी लागतात. ती मनानेच बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि तातडीने डॉक्टर गाठावा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

बरे होताना सारे एकदम परतत नाही. मन हलके झाल्यावरही थकवा आणि विसराळूपणा पुष्कळदा रेंगाळतो. त्या काळात जाळ्याचे दोनच डोळे सांधून माणूस उठला, तर घरच्यांनी त्याला उरलेल्या जाळ्याबद्दल विचारू नये.