सिंगापूरमार्गे आणला म्हणून माल करमुक्त होत नाही

‘चीनचा माल सिंगापूरमार्गे मागवा, भारतात कस्टम ड्युटी लागत नाही’ हा सल्ला व्यापाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. भारत-सिंगापूर व्यापार करार ऑगस्ट २००५ पासून लागू आहे, पण सवलत मिळते ती सिंगापूरच्या मालाला. नुसता कंटेनर बदलून किंवा नवं लेबल लावून माल सिंगापूरचा होत नाही. तिथं ठरावीक प्रक्रिया आणि मूल्यवर्धन व्हावं लागतं. उत्पत्ती प्रमाणपत्र, म्हणजे माल कुठल्या देशात बनला याचा दाखला, तर हवंच. शिवाय भारताच्या २०२० च्या कस्टम नियमांनुसार याचा पुरावा आयातदारानंच जवळ ठेवायचा; एजंट हात झटकून मोकळा!

मग सिंगापूरला करारांचा फायदा काय? स्वतःची आयात ते जवळपास करमुक्तच ठेवतात, मद्यासारखे मोजके अपवाद सोडून. करारांमुळे तिथल्या कारखान्यांना आणि सेवा कंपन्यांना परदेशी बाजार खुले होतात.