कंपनीतली माणसं : मुंबईच्या टोळ्यांतली भरती आणि निष्ठा

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, 1999 साली आला. त्याच्या कलम 3 मधल्या चौथ्या पोटकलमानुसार संघटित गुन्हेगारी टोळीचा नुसता सदस्य असणं हाच गुन्हा आहे. शिक्षा किमान 5 वर्षं, कमाल जन्मठेप आणि दंड किमान 5 लाख रुपये. वाचायला सोपं आहे. अडचण एवढीच, की मुंबईच्या टोळ्यांनी सदस्यांची वही कधी ठेवलीच नव्हती. सिसिलीतल्या माफियात बोटाला टाचणी टोचून, संताचं चित्र हातावर जाळून शपथ देत. भायखळ्यात किंवा चेंबूरमध्ये असलं काही नव्हतं. मग एखादा पोरगा ‘कंपनीचा’, म्हणजे टोळीचा, माणूस नेमका कधी होत असे?

याचं उत्तर शोधायला गिरणगावात जावं लागतं. कोकण-घाटावरून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत राहात, पाळीपाळीने झोपत. कोण कुठल्या गावचा, कुठल्या चाळीचा, कुठल्या मंडळाचा हे सगळ्यांना पाठ असे. व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, गणपतीची वर्गणी यांतून पोरांचे गट आपोआप तयार होत. टोळीला ही आपुलकी नव्याने उभी करावी लागली नाही. ती आयती मिळाली. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे घराघरांतला पगार बंद पडला. संपामुळेच टोळ्या जन्मल्या असं सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मटका, हातभट्टी आणि हफ्ता आधीपासून होतेच. संपाने रिकाम्या हातांची संख्या मात्र वाढवली.

याच पट्ट्यात बाबू रेशीम, रामा नाईक आणि अरुण गवळी या तिघांची टोळी उभी राहिली. तिला कोणी भायखळा कंपनी म्हणे, कोणी तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ब्रा’. सुरुवातीला ही मंडळी दाऊद इब्राहिमच्या विरोधात नव्हती, हे आज अनेकांच्या लक्षात नसतं. 1981 साली दाऊदचा भाऊ साबीर प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर मारला गेला आणि पठाण टोळीशी उघड वैर पेटलं, तेव्हा रामा नाईकची पोरं दाऊदच्या बाजूने होती. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला माणसं द्यायची आणि वेळ आली की परतफेड मागायची, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार मोडला तो एका निवाड्यावरून. टोळीच्या म्होरक्याचं मोठं काम म्हणजे भांडण मिटवणं. जोगेश्वरीतल्या एका जमिनीवरून रामा नाईक आणि दाऊदचा साथीदार शरद शेट्टी यांच्यात वाद झाला. तोवर दुबईला गेलेल्या दाऊदने शेट्टीची बाजू घेतली. 1988 मध्ये रामा नाईक चेंबूरला पोलीस चकमकीत मारला गेला. टीप दाऊदकडूनच गेली, अशी गवळीच्या गोटाची खात्री झाली. बाबू रेशीम त्याआधीच, मार्च 1987 मध्ये, जेकब सर्कलच्या पोलीस कोठडीत घुसलेल्या हल्लेखोरांकडून मारला गेला होता. तिघांपैकी उरला गवळी. 1990 मध्ये त्याचा भाऊ किशोर ऊर्फ पापा मारला गेला. 26 जुलै 1992 रोजी नागपाड्यात दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर मारला गेला आणि 12 सप्टेंबरला त्याचा बदला घ्यायला जे. जे. रुग्णालयात गोळीबार झाला. तिथे बंदोबस्तावरचे दोन पोलीसही मेले.

या मालिकेत निष्ठा म्हणजे बहुतेक वेळा सुडाचं देणं. तिलकनगरच्या राजेंद्र निकाळजेला छोटा राजन ही ओळख मिळाली ती अशीच. सहकार सिनेमाबाहेर तिकिटांचा काळाबाजार करणारा हा पोरगा राजन नायर ऊर्फ बडा राजनचा माणूस. 1983 मध्ये नायरचा कोर्टाबाहेर खून झाला आणि त्यामागे असलेल्या अब्दुल कुंजूच्या मागे हा लागला, तो कुंजू मरेपर्यंत. मेलेल्या म्होरक्यासाठी एवढं करणारा माणूस आपल्याकडे असावा, असं दाऊदला वाटलं नसतं तरच नवल.

पण सूड रोज उगवत नाही. रोजची निष्ठा तुरुंगात मोजली जाई. पोरगा आत गेला की त्याच्या घरी दरमहा पैसे पोचतात का, वकील उभा राहतो का, जामीनदार मिळतो का, याकडे बाहेरच्या सगळ्या पोरांचं लक्ष असे. पैसे थांबले की दुसऱ्या कंपनीचा निरोप येई. शिवाय मारामाऱ्या टाळण्यासाठी कैद्यांना टोळीनिहाय वेगळ्या बराकीत ठेवण्याची पद्धत होती. किरकोळ हाणामारीत आत आलेल्या पोराला कुठल्या तरी बराकीत जावंच लागे, आणि बाहेर येताना तो त्या टोळीचा म्हणूनच येई. सरकारी खर्चाने झालेली ही भरती!

नात्याची भाषाही मुद्दाम घरातली. राजन ‘नाना’, गवळी ‘डॅडी’. दगडी चाळीतली नवरात्र, दारातली गर्दी, गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या बायका यांतून गवळी घरचा कर्ता वाटावा अशी सोय होती. 1997 मध्ये त्याने अखिल भारतीय सेना काढली आणि 2004 मध्ये तो चिंचपोकळीतून आमदार झाला. आजूबाजूच्या मतदारांनीही हे नातं मान्य केलं होतं, असाच त्याचा अर्थ.

1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर राजन दाऊदपासून वेगळा झाला आणि त्याने फुटीला देशभक्तीचं नाव दिलं. दुबईत हिस्सा आणि मान यांवरून कुरबुरी आधीच सुरू होत्या, त्यामुळे हे नाव जरा सोयीचंच म्हणायला हवं. सप्टेंबर 2000 मध्ये बँकॉकमध्ये त्याच्यावर हल्ला झाला आणि त्याचा विश्वासू रोहित वर्मा मारला गेला. ठावठिकाणा कोणी फोडला हा संशय राजनच्या डोक्यातून गेला नाही. जानेवारी 2003 मध्ये दुबईत शरद शेट्टीचा खून झाला, त्यामागे राजनची टोळी असल्याचं सांगितलं गेलं. जोगेश्वरीच्या जमिनीवरून रामा नाईकशी भांडलेला शेट्टी तो हाच.

मोक्का आला तो या धुमाकुळात. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा 1995 मध्ये संपला होता. नव्या कायद्याने नेमका निष्ठेवर घाव घातला : कलम 18 प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब सहआरोपीविरुद्धही वापरता येतो. टोळ्यांनी मग एकेका कामापुरती पोरं धरायला सुरुवात केली. सुपारी कोणाची हे त्यांना ठाऊक नसे, म्हणून फोडण्यासारखंही फारसं नसे. कायद्यात मात्र दोन माणसांची टोळी पुरते, फक्त मागच्या 10 वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. एका कामापुरता आलेला पोरगा सदस्य धरायचा की नाही, हा वाद बचावाचे वकील न्यायालयात तेव्हापासून घालत आले आहेत.