व्हिसा व परदेशप्रवेश : नागपूरच्या संदर्भात

व्हिसा म्हणजे परक्या देशाच्या दारापर्यंत येण्याची, त्या देशाने आगाऊ दिलेली मुभा. पासपोर्ट (पारपत्र) आपला देश देतो, व्हिसा दुसरा देश देतो. पासपोर्ट सांगतो की हा माणूस अमुक देशाचा आहे. व्हिसा सांगतो की याची कागदपत्रे आम्ही पाहिली आहेत, याला दारापर्यंत येऊ द्या. आत घ्यायचे की नाही, हे दारावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. बहुतेक देशांच्या कायद्यांत हा भेद स्पष्ट लिहिलेला असतो आणि बहुतेक प्रवाशांना तो विमानतळावरच्या रांगेत कळतो.

मूळ लॅटिन शब्दप्रयोग ‘चार्टा व्हिसा’ असा आहे. त्याचा अर्थ पाहिलेला, तपासलेला कागद. पहिल्या महायुद्धापूर्वी बऱ्याच देशांत अशा कागदाशिवाय जाता येई. युद्धात संशय वाढला आणि कागद कायमचे आले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२० साली पारपत्राशिवाय प्रवेशाला बंदी करणारा कायदा झाला. स्वतंत्र भारतातही पासपोर्ट देणे न देणे ही बराच काळ सरकारची मर्जी होती. सतवंत सिंग साहनी खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा आला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने तो हक्क आणखी पक्का केला. पण हा हक्क देशाबाहेर पडण्याचा आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क कुठल्याच न्यायालयाने कुणाला दिलेला नाही, आणि व्हिसाची सगळी गुंतागुंत या फटीत आहे.

नागपुरातून अर्ज

देशाचा मध्यबिंदू मानला जाणारा झिरो माइलचा दगड नागपुरात असला, तरी मोठ्या देशांच्या वकिलाती येथे नाहीत. प्रादेशिक पारपत्र कार्यालय नागपुरात आहे. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पारपत्र सेवा केंद्रे उघडू लागल्याने पासपोर्टासाठी विदर्भातल्या सगळ्यांनाच नागपूर गाठावे लागत नाही. व्हिसाचे तसे नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी महाराष्ट्रातल्या अर्जदाराला बहुधा मुंबईला जावे लागते : एकदा बोटांचे ठसे व छायाचित्रासाठी, पुन्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीसाठी. सुमारे ८४० किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून दुरांतोने किंवा विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी उतरायचे, कुणा नातेवाइकाकडे अंघोळ उरकायची आणि खिडकीपुढे दोन-तीन मिनिटांची मुलाखत द्यायची, हा अनेक नागपूरकर आईवडिलांचा परदेशप्रवासाचा पहिला टप्पा असतो. मुलगा न्यू जर्सीत असला तरी आधी मुंबई.

ती दोन-तीन मिनिटे कशासाठी असतात, हे समजून घेतले की बाकी कागदपत्रांचा अर्थ लागतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २१४(ब) असे मानून चालते की पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक अर्जदार तिथेच राहायला निघालेला आहे. तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे. इतर देशांचे शब्द इतके सडेतोड नसतात, तरी प्रश्न तोच असतो. नागपुरीत सांगायचे तर सगळ्या अर्जाचा सारांश ‘काहून चाल्ले, अन् वापस केव्हा येता?’ एवढाच, आणि त्यातला दुसरा प्रश्न खरा. नोकरीचे पत्र, रजेची मंजुरी, घराची कागदपत्रे, मागे राहणारे कुटुंब हे सगळे परत येण्याचे पुरावे होत.

नोकरदाराला हे सोपे जाते. पगारपत्रक, कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, आयकर विवरणे जोडली की बाजू उभी राहते. काटोल-नरखेडच्या संत्राबागायतदाराची अडचण वेगळी. त्याचे उत्पन्न चांगले असते, पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरण भरलेले नसते. बागेचे पैसे वर्षातून एकदोनदाच खात्यात येतात, त्यामुळे बँकेचे उतारे पाहणाऱ्याला मध्येच आलेली मोठी रक्कम संशयास्पद वाटते. अशा वेळी सातबारा व आठ-अचे इंग्रजी भाषांतर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या पावत्या आणि सनदी लेखापालाचे मालमत्ता प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्जाच्या आठ दिवस आधी कुणाकडून तरी उसने घेऊन खात्यात रक्कम ‘फिरवणे’ हा उपाय अजूनही सुचवला जातो. सहा महिन्यांचा उतारा वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही, आणि खरी कागदपत्रेही मग खोटी वाटू लागतात.

नावाचा घोळ

मराठी माणसाच्या अर्जात पैशाइतकाच घोळ नावाचा होतो. आपले नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. भारतीय पासपोर्टात रकाने दोनच आहेत, आडनाव आणि दिलेले नाव. त्यामुळे वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला चिकटते आणि विमानाच्या तिकिटावर ‘रमेशवामन’ असा एकसंध गृहस्थ तयार होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या पदवीवर माहेरचे नाव. लग्नानंतर पासपोर्टातले नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. बदलायचे असेल तर मात्र सगळीकडे बदलावे. नियम एकच आणि तो निष्ठुर आहे : व्हिसा, तिकीट आणि विमा यांवरचे नाव पासपोर्टाप्रमाणे हवे, आधारप्रमाणे नव्हे.

आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांची पंचाईत मोठी. अमेरिकी व्हिसावर अशा माणसाचे एकमेव नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे छापून येते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम केला. आतल्या पानावर वडिलांचे वा कुटुंबाचे नाव असल्यास सूट ठेवली. नागपुरातून शारजाला थेट विमान जात असल्याने हा नियम येथे लगेच जाणवला.

देशोदेशीचे नियम

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. दीक्षाभूमीच्या शहरातून लुंबिनीला जाणारे यात्रेकरू उत्तर प्रदेशातल्या सोनौलीहून अक्षरशः पायी सीमा ओलांडतात. विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. आधार सगळीकडे चालते या समजुतीने निघालेला प्रौढ प्रवासी येथे अडतो. भूतानलाही हीच दोन कागदपत्रे चालतात, पण तिथे प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना दर रात्रीमागे १,२०० रुपये विकासशुल्क आहे. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, थायलंडने जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांपर्यंत. अशा सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाचे सरकारी संकेतस्थळ पाहावे. शेजाऱ्याचा गेल्या वर्षीचा अनुभव कामाचा नाही. व्हिसा माफ असला तरी मलेशिया व थायलंड या दोन्ही देशांत आगमनाचे डिजिटल कार्ड आधी भरावे लागते.

युरोपातल्या २९ देशांचा शेंगेन व्हिसा एकच असतो. तो ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच्याकडे मागायचा, मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिले पाऊल पडेल त्याच्याकडे. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला व परतीनंतर तीन महिने चालणारा हवा, दोन पाने कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. मुक्कामाची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. हा हिशेब महिन्यांचा नसून सरकत्या दिवसांचा आहे. लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीत जाणाऱ्या आज्या येथे हमखास चुकतात. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना एक दिलासा आहे : तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा.

बहुतेक आखाती व आग्नेय आशियाई देशांत पासपोर्ट प्रवेशाच्या दिवसापासून आणखी सहा महिने चालणारा लागतो. म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच धरावा. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टावर ‘इमिग्रेशन तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो आणि ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना त्याला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर नेऊन कामाला लावणारे दलाल नेमकी हीच पायरी चुकवतात. हज यात्रेचा व्हिसा स्वतंत्र असतो, पर्यटक व्हिसावर हज करता येत नाही. यात्रेकरूंना मेंदुज्वराची (मेनिंजायटिसची) लस सक्तीची आहे. नागपूर हे हज यात्रेकरूंच्या प्रस्थानाच्या ठिकाणांपैकी एक आहे. केनियाकडे जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म चालते, आणि ते नसेल तर परतताना भारतातच विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

पहिले दार

इमिग्रेशन अधिकाऱ्याच्याही आधी प्रवाशाला थांबवते ती विमान कंपनी. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो, म्हणून सामान घेणारा कर्मचारीच परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि व्हिसाच्या तारखा तपासतो. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून शारजा किंवा दोह्याला निघाले तर इमिग्रेशन नागपुरातच होते. मुंबई-दिल्लीहून पुढे जायचे तर तिथे. वाटेत केवळ विमान बदलण्यासाठीही काही देश भारतीयांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात. ब्रिटन त्यांपैकी एक. अमेरिका, कॅनडासारख्या काही देशांचा वैध व्हिसा असल्यास तिथे सूट मिळते. स्वस्त तिकीट लंडनमार्गे का पडते आहे, हे त्यामुळे आधी पाहावे.

बॅगेलाही नियम आहेत आणि ते नागपूरकरांच्या नेमके जिव्हारी लागणारे आहेत. सावजी मसाल्यात खसखस असते. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि पकडल्यास गुन्हा होतो. त्यामुळे शारजाच्या विमानात घरचा मसाला नेऊ नये, कितीही घट्ट बांधला असला तरी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे खव्याच्या मिठाया बाद. ताज्या संत्र्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, जे कुणी काढत नाही. ऑस्ट्रेलियात खाण्याचे पदार्थ जाहीर न केल्यास जागेवर दंड होतो. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात.

नागपुरात येणारे

उलट्या दिशेचे नियम भारताचे. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना भारतात व्हिसा लागत नाही. इतर बहुतेकांना इ-व्हिसा मिळतो; ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये मोजक्या देशांपासून सुरू झाली. २०१७ साली विमानतळांची यादी वाढली तेव्हा नागपूरही तीत आले. दीक्षाभूमी व कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला येणारे जपानी-थाई उपासक आणि ताडोबा-पेंचला येणारे वाघवेडे यांना त्यामुळे थेट येथे उतरता येते. सफारीच्या गेटवर आरक्षणात नोंदलेल्या पासपोर्टाची मूळ प्रत दाखवावी लागते. परदेशी पाहुणा उतरवून घेणाऱ्या हॉटेलने, घरगुती निवासवाल्याने, अगदी नातेवाइकानेही २४ तासांत ऑनलाइन माहिती कळवणे बंधनकारक आहे. हे नातेवाइकांना सहसा ठाऊक नसते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द करून हे विषय एकत्र आणले. अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांसाठी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हा आजन्म व्हिसाच ठरतो, मात्र त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांची संत्र्याची बाग वारसाने मिळू शकते, शेजारची घेता येत नाही.

नागपुरात व्हिसा हा शब्द सर्वांत जड पडतो तो जरीपटका या वस्तीत. येथे पाकिस्तानातून आलेली अनेक सिंधी हिंदू कुटुंबे आहेत. पाकिस्तानी नागरिकाला भारताचा व्हिसा देशाचा नव्हे, नेमक्या शहरांचा मिळत आला. नागपूरचा व्हिसा असेल तर अमरावतीच्या लग्नाला परवानगीवाचून जाता येत नाही, आणि आल्यावर पोलिसांत नोंद करावी लागते. स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो, तो वेळोवेळी वाढवून घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम ठेवण्यात आले. केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूर होते. मार्च २०२४ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम आल्यावर, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांसाठी दुसरा मार्गही खुला झाला.