एका विणकराकडे माग किती? मुंबईच्या साचेखात्यापासून इचलकरंजीच्या एअरजेटपर्यंत

इचलकरंजीत साध्या मागांचा कारखाना मोडून तिथे एअरजेट (हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारे माग) बसवायचे ठरले की पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा आणि कर्जाचा असतो. दुसरा प्रश्न लगेच येतो: एका माणसाकडे किती यंत्रे द्यायची? आठ, बारा की सोळा? या आकड्यावर किती लोकांचे काम राहणार, राहतील त्यांची पाळी कशी जाणार आणि मजुरी कशी धरायची हे सगळे ठरते. कापडधंद्यात हा प्रश्न नवा नाही. यंत्र सुधारले की दरवेळी भांडण याच आकड्यावर झाले आहे, आणि आकडा ठरवताना दरवेळी यंत्राचा वेग मोजला गेला, माणसाला मधे किती वेळा धावावे लागते हे मोजायचे राहिले.

आधी साध्या मागावर माणूस करतो काय ते पाहू. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. तो भीम नावाच्या मोठ्या रिळावरून येतो आणि वहीतून (धागे वर-खाली करणारी चौकट) आणि फणीतून ओवलेला असतो. धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जातो. त्याची एक फेरी म्हणजे एक पिक. धोट्यात कांडी, म्हणजे बाण्याच्या सुताची छोटी गुंडाळी, असते. चाळीस नंबरी सुताची २५ ग्रॅमची कांडी धरली तर तिच्यावर सुमारे १,७०० मीटर सूत बसते. फणीतली रुंदी १.३ मीटर असेल तर त्यात १,३०० पिक होतात. माग मिनिटाला १६० पिक मारत असेल तर कांडी आठ मिनिटांत संपते. चार माग सांभाळणाऱ्याला दर दोन मिनिटांनी एक कांडी बदलावी लागते, आठ माग असतील तर दर मिनिटाला. यात ताण्याचा धागा तुटणे, बाणा तुटणे, धोटा अडकणे धरलेलेच नाही.

बाणा तुटला तर वेफ्ट फोर्क नावाचा काटा माग थांबवतो. ताण्याचे तसे नाही. बहुतेक साध्या मागांवर ताण्याची तूट ओळखून माग बंद करणारी योजनाच नसते. तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत गुंतला की बाणा तिथे विणला जात नाही, नुसता वरून जातो, आणि हातभर कापड खराब होते. धोटा ताण्यात अडकला तर एका फटक्यात शेकडो धागे जातात आणि ते जोडण्यात तास-दोन तास मोडतात. म्हणून विणकराचे डोळे सतत कापडावर आणि कान मागाच्या ठोक्यावर असतात. एवढ्या गोंगाटातही जाणता कारागीर ठोका बदलल्याचे ओळखतो. गोंगाट साधा नसतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि साध्या मागांचा पट्टा ती सहज ओलांडतो. त्यात सूत तुटू नये म्हणून हवा ७५-८० टक्के दमट ठेवावी लागते. सुताला जे मानवते ते माणसाला मानवत नाही, आणि तिथे त्याला बारा तास उभे राहायचे असते.

हा भार हलका करायचे दोन मोठे प्रयत्न झाले, आणि दोन्ही भारतात उशिरा आणि तुकड्यातुकड्याने पोचले. अमेरिकेत १८९५ च्या सुमारास नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग बाजारात आला. माग चालू असतानाच तो संपलेली कांडी ढकलून नवी बसवायचा, धोट्यात सूत आपोआप ओवले जायचे आणि ताणा तुटला की माग थांबायचा. जपानमध्ये साकिची टोयोडाने १९२४ मध्ये ‘जी’ प्रकारचा माग पूर्ण केला; तो वेग न कमी करता पूर्ण धोटाच बदलायचा. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. या दोघांचे खरे मोल वेगात नव्हते. चूक झाली की यंत्र स्वतः थांबते, त्यामुळे माणसाला प्रत्येक मागावर डोळा ठेवून उभे राहावे लागत नाही. एका माणसाकडे वीस-तीस माग देणे शक्य झाले ते यामुळे.

मुंबईत १९२७ च्या सुमारास जे घडले ते याच्या नेमके उलट होते. ई. डी. ससून गटाच्या गिरण्यांनी दोन साच्यांऐवजी (मुंबईत मागाला साचा म्हणत) तीन साचे एका साचेवाल्याकडे द्यायची पद्धत आणली. सूतकताईत यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. साचे बहुतांशी तेच, सूतही तेच, फक्त माणसे कमी. कामगारांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होते: कापसाचे मिश्रण हलके असेल, खळ (सुताला लावलेली कांजी) नीट बसलेली नसेल तर धागा तुटत राहतो, आणि अशा सुतावर दोन साचेही जड जातात. चांगले सूत द्या, मग तिसऱ्या साच्याचे बोला. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. नंतर चौकशीसाठी बसलेल्या फॉसेट समितीने कार्यक्षमता वाढवण्याचे धोरण एकंदरीत मान्य केले. मार्च १९२९ मध्ये कम्युनिस्टांवरच्या मेरठ खटल्यासाठी डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर या कामगार पुढाऱ्यांना अटक झाली आणि त्या वर्षीचा दुसरा संप मोडला.

१९२८ च्या संपातल्या आणखी एका मागणीकडे नीट पाहायला हवे, कारण यंत्राचा एक बारीकसा भाग माणसाच्या आयुष्यात कुठपर्यंत शिरतो हे तिच्यातून कळते. जुन्या धोट्याला बाजूला चिनीमातीचे भोक असते. कांडी बदलली की सुताचे टोक आतून त्या भोकाजवळ धरायचे आणि बाहेरून तोंड लावून श्वास ओढायचा. सूत भोकातून बाहेर येते. त्या काळची मुंबई जाडे, वीस नंबरी सूत मोठ्या प्रमाणावर विणायची. तसल्या सुताची कांडी चार मिनिटांत संपते. दहा तासांच्या दिवसात दोन साच्यांवर दोनशेच्या वर वेळा धोटा तोंडाला लावणे आले. तोच धोटा नंतर दुसऱ्याच्याही तोंडाला लागायचा. या ‘उष्ट्या’ धोट्याचे कारण देऊन अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना साचेखात्यात येऊ दिले जात नव्हते. साचेखात्यात पगार चांगला होता. या माणसांच्या वाट्याला मात्र मुख्यतः त्रासन खाते (सूतकताईचे खाते) आणि सफाईची कामे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला: समान हक्कासाठी लढता, तर साचेखात्याचे दार सगळ्यांना उघडे हवे.

तोंडाने सूत ओढायला लावणाऱ्या धोट्यांवर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच कायद्याने बंदी घातली होती, ती क्षयासारख्या रोगांच्या भीतीने. हाताने किंवा आपोआप ओवता येणारा धोटा मिळत होता. म्हणजे लाकडाच्या एका तुकड्याची रचना बदलली असती तर रोगाची भीती आणि विटाळाचा बहाणा दोन्ही एकदम गेले असते. पण साचेवाल्याचे तोंड फुकट होते आणि नवे धोटे विकत घ्यावे लागत. यंत्र बदलायचे की माणसाकडून तेच करून घ्यायचे, याचा हिशेब त्या काळात असा लागायचा.

याच काळात स्त्रिया गिरणीतून बाहेर पडत गेल्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार स्त्री होती, बहुतेक जणी वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यांत. वेगवान वाइंडिंग यंत्रे आली तेव्हा पहिली गदा याच खात्यांवर आली. त्यात स्त्रियांच्या रात्रपाळीला कायद्याने बंदी होती, त्यामुळे तीन पाळ्यांत चालणाऱ्या यंत्रावर त्यांना घेणे मालकांना परवडेना. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याचा खर्चही टाळायचा होता. संरक्षणासाठी केलेले नियम आणि बदललेले यंत्र यांच्या कात्रीत त्या सापडल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे प्रमाण नगण्य झाले होते.

स्वातंत्र्यानंतर वाटाघाटींना शिस्त आली. जुलै १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत नवी यंत्रे आणि कामाचे वाटप यासाठी तीन अटी मान्य झाल्या: असलेल्या कामगारांना काढायचे नाही, फायद्याची न्याय्य वाटणी करायची, आणि कामाचा भार दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांकडून मोजून घ्यायचा. यातली तिसरी अट सर्वांत मोलाची होती, आणि पाळायला सर्वांत अवघड. सरकारने हातमाग वाचवण्यासाठी गिरण्यांच्या स्वयंचलित मागांवर मर्यादा ठेवल्या, मालकांनी नफा जुन्याच साच्यांतून काढला. पुढे १८ जानेवारी १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

विणाई थांबली नव्हती. ती भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत इथे सरकत होती. इचलकरंजीत जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठिंब्याने विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला होता. तिथे हातमागाची परंपरा होती, पंचगंगेचे पाणी होते. गिरण्यांनी भंगारात काढलेले माग या गावांमध्ये येऊन पुन्हा चालू लागले. गिरणीत एका छताखाली असलेले काम इथे तुकड्यांत विभागले: ताण्याला खळ देणारा सायझिंगवाला वेगळा, वहीफणी (धागे ओवायचे काम) करणारा वेगळा, कांडीवाला, मागाची दुरुस्ती पाहणारा जॉबर, घडीवाला, दिवाणजी. व्यापाऱ्याकडून सुताची भिमे घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा तो खर्चीवाला. त्याच्याकडे बारा, सोळा, चोवीस माग. अनेक ठिकाणी कागदोपत्री एकेक कारखाना लहान ठेवला गेला, म्हणजे कारखाना कायदा लागू होत नसे. गिरणीची आठ तासांची पाळी इथे बारा तासांची झाली.

मजुरी मात्र पिकावर मोजायची रीत टिकली, आणि इचलकरंजीत बोलणी आजही ‘५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे’ अशाच भाषेत होतात. ५२ पिक म्हणजे एका इंचात ५२ आडवे धागे. १६० च्या वेगाने साधा माग तासाला ४.७ मीटर कापड देतो. ८० टक्के चालला तर बारा तासांत ४५ मीटर. आठ माग सांभाळले तर ३६० मीटर. वीज गेली, भीम संपले, सूत खराब आले तर मीटर घटतात आणि मजुरीही घटते, मग दोष कोणाचाही असो.

१ एप्रिल १९९९ पासून केंद्राच्या तंत्रज्ञान सुधार निधी योजनेत व्याजात सवलत मिळू लागली आणि धोटा नसलेले माग, त्यात बरेच परदेशातून आलेले जुने, या गावांत दिसू लागले. एअरजेटवर धोटा, कांडी, धोटा फेकणारी पिकिंग स्टिक, यातले काहीच नाही. हवेचा झोत मोठ्या कोनवरचा बाणा फेकतो. कांडीवाल्याचे काम संपले. त्याच प्रतीच्या कापडाचे नवे भीम चढवताना गाठी मारणारे यंत्र मिनिटाला काही शे गाठी मारते. तीन हजार धाग्यांसाठी दोन माणसांचे काही तास जायचे तिथे आता थोडक्यात भागते. वहीफणीची गरज मुख्यतः प्रत बदलताना उरली. बाणा तुटला, ताणा तुटला, दोन्ही वेळी यंत्र थांबते आणि दिवा लागतो. ठोका ऐकणाऱ्या कानाऐवजी दिवा पाहणारा डोळा लागतो.

मग आकड्याचा प्रश्न. एअरजेट मिनिटाला ६०० पिकने ९० टक्के चालला तर तासाला ३२,४०० पिक होतात. या धंद्यात तूट मोजायची ती एक लाख पिकांमागे. सूत आणि खळ चांगली असेल आणि लाखामागे चार तुटी असतील, तर एका यंत्रावर तासाला १.३ वेळा जावे लागते. बारा यंत्रांवर सुमारे सोळा वेळा. बाण्याला अर्धे मिनिट, ताण्याला दोन, सरासरी सव्वा मिनिट धरले तर वीस मिनिटे. फेऱ्या मारायला, कापड तपासायला, पाणी प्यायला वेळ उरतो. आता तेच सूत हलके आले आणि लाखामागे तूट बारा झाली. तासाला ४७ फेऱ्या, हिशेबाने ५८ मिनिटे नुसत्या जोडण्यात. प्रत्यक्षात हे होतच नाही: तिसरे-चौथे यंत्र दिवा लावून वाट पाहत उभे राहते, घाईत मारलेली गाठ फणीत अडकून पुन्हा तुटते, थांबून सुरू झालेल्या जागी कापडावर पट्टी उमटते, आणि ती घडी करताना पकडली जाऊन विणकराच्या नावावर पडते. वेग, यंत्र, माणूस तेच. बदलले ते सूत.

१९२८ च्या साचेवाल्याने हेच सांगितले होते. फरक एवढा आहे की तेव्हा तुटी मोजायला कोणी उभे नसायचे. आता प्रत्येक यंत्राच्या पडद्यावर पाळीनिहाय ताण्याच्या तुटी, बाण्याच्या तुटी आणि यंत्र चाललेल्या वेळेची टक्केवारी आपोआप नोंदली जाते. भिमाचा नंबर आणि सुताची खेप त्याच्याशी जोडली की तूट सुतातून आली, खळीतून की हवा सोडणाऱ्या नोझलच्या सेटिंगमधून, हे बऱ्यापैकी सांगता येते. ही नोंद मालकाकडे असते, कधी सूतवाल्याशी भांडताना ती वापरलीही जाते. मजुरीच्या चिठ्ठीवर मात्र बहुतेक ठिकाणी मीटर आणि खाडे एवढेच येतात. लाखामागच्या तुटीचा आकडा त्याच चिठ्ठीवर आला, आणि तो ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की त्या भिमापुरती यंत्रे कमी किंवा दर जास्त असे करारात लिहिले गेले, तर १९५७ ची तिसरी अट पाळायला तज्ज्ञ समितीची वाट पाहावी लागणार नाही. तिला लागणारे मोजमाप आज प्रत्येक पाळीत होतेच आहे.