आशियाई क्रीडा स्पर्धेतील बास्केटबॉल: ‘आपला खेळाडू’ ठरतो कसा?

२०२३ मध्ये हांगझोऊ येथे फिलिपिन्सने आशियाई क्रीडा स्पर्धेतील बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून इंदूरच्या रेसकोर्स रोडवरील बास्केटबॉल संकुलात या विषयावर दोन मते ऐकू येतात. काहींना तो ६१ वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा हक्काचा विजय वाटतो, तर काहींच्या मते ते पदक अमेरिकेतून आणलेल्या खेळाडूच्या जोरावर मिळाले. हा वाद समजून घेण्यासाठी स्पर्धेचा मागचा प्रवास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

१९५१ च्या नवी दिल्लीतील पहिल्याच स्पर्धेत पुरुषांचे बास्केटबॉल होते आणि यजमान भारत चौथा आला होता. ती आणि त्यापुढची तीन सुवर्णपदके फिलिपिन्सने जिंकली. १९६६ आणि १९७४ मध्ये इस्रायलने, तर १९७० मध्ये दक्षिण कोरियाने बाजी मारली. १९७४ नंतर इस्रायल या स्पर्धेत पुन्हा दिसला नाही. महिलांचे सामने १९७४ मध्ये तेहरानला सुरू झाले आणि पहिले सुवर्ण जपानने पटकावले. त्यानंतरची चार दशके पुरुष गटात बहुतांशी चीनची, आणि अधूनमधून त्याला रोखणाऱ्या दक्षिण कोरियाची होती. २००२ मध्ये बुसानला कोरियाने जादा वेळेत १०२-१०० असा मिळवलेला विजय त्यांतला सर्वांत संस्मरणीय मानावा लागेल.

खरा गुंता ‘नागरिकत्व घेतलेला खेळाडू’ या संज्ञेत आहे. या खेळाच्या जागतिक महासंघाच्या नियमानुसार ज्याने वयाच्या सोळाव्या वर्षानंतर एखाद्या देशाचे नागरिकत्व मिळवले, असा एकच खेळाडू बारा जणांच्या संघात घेता येतो. आशियाई क्रीडा स्पर्धेची नियमावली मात्र वेगळी आहे. २०१४ मध्ये इंचॉनला याच फरकाचा फटका फिलिपिन्सला बसला. त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या उंच सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूला) त्याच वर्षी विशेष कायद्याने नागरिकत्व मिळाले होते आणि तो स्पेनमधील विश्वचषकात खेळूनही आला होता. तरी तीन वर्षांच्या वास्तव्याच्या अटीमुळे काही आठवड्यांतच त्याला आशियाई स्पर्धेसाठी अपात्र ठरवण्यात आले. जगात चालतो तो आशियात का नाही, हा फिलिपिन्सचा प्रश्न स्वाभाविक होता. संघ सातव्या स्थानी राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते वास्तव्याची अट मुळात योग्यच होती, कारण केवळ पासपोर्टची तारीख पाहणाऱ्या नियमापेक्षा त्या देशात घालवलेली वर्षे पाहणारा नियम अधिक प्रामाणिक आहे. मात्र दोन नियमावल्या एकाच मोसमात परस्परविरोधी उत्तरे देत असतील, तर त्याची शिक्षा खेळाडूला होते.

२०१८ मध्ये जकार्ताला याच्या उलट घडले. आईकडून फिलिपिनो वंशाचा, पण पासपोर्ट उशिरा घेतलेला एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधील एक गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) तेथे खेळला. जागतिक महासंघाच्या लेखी तो बाहेरून आलेला होता, तर आशियाई स्पर्धेच्या लेखी घरचा. त्याच स्पर्धेत तीन-तीन खेळाडूंचा प्रकारही प्रथमच खेळवला गेला आणि दोन्ही गटांत चीनने सुवर्ण मिळवले.

हांगझोऊच्या अंतिम सामन्यात फिलिपिन्सने जॉर्डनला ७०-६० असे हरवले. अमेरिकेतून आलेला नागरिक दोन्ही संघांत होता, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत. पुढे विजेत्या संघातील त्या खेळाडूच्या चाचणीत गांजाचा अंश आढळला. पण सांघिक खेळात दोनपेक्षा अधिक खेळाडू दोषी ठरल्याशिवाय संघावर कारवाई होत नसल्याने पदक कायम राहिले.

भारतीय संघाला हा मार्ग जवळपास बंदच आहे. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही आणि २००८ च्या अखेरीपासून सरकारी धोरणानुसार भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट अनिवार्य आहे. त्यामुळे २०१५ मध्ये एनबीएत उतरलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू कॅनडाचाच नागरिक राहिला. हांगझोऊला उपांत्यपूर्व फेरी गाठून चीनकडून पराभूत झालेला आपला महिला संघ सर्वस्वी येथील मैदानांवर घडलेला होता.